नाखव्यानं बुजवलेलं भोक

आमच्या घराला देवीच्या पालखीला पुढून खांदा द्यायचा मान आहे. आज्याच्याही आधीपासूनचा. हे मी अगोदर सांगून ठेवतो, कारण ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणेल, एका जुन्या लॉरीचा क्लच घसरला, त्यात एवढं लिहिण्यासारखं काय? मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. लिहायला मला वेळ लागतो. उगीच लिहायला मी बसलेलो नाही.

तीस सालानंतरची गोष्ट. नक्की साल मला सांगता येणार नाही. मी रत्नागिरी शहरात बंदराच्या वाटेवर एका शेडमध्ये मोटारींचं काम करत होतो. हात मुंबईला बसला होता, पण तिथलं पाणी मला सोसलं नाही म्हणून परत आलो. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, लॉरी चालवायचा. लॉरी खाडीपलीकडच्या एका नाखव्याची. त्याचं स्वतःचं गलबत होतं, मलबारापर्यंत फेऱ्या केलेला माणूस. पुढे आगबोटींनी माल पळवला, गलबत वाळूत चढलं ते चढलंच, आणि नाखव्यानं मुंबईहून एक वापरलेली लॉरी आणली. पुढे दोन माणसांपुरती बैठक, मागे उघडा फळ्यांचा हौदा. सुकी मासळी नि नारळ घेऊन घाटावर जायचं, गूळ-मिरची घेऊन उतरायचं.

नाखवा त्या लॉरीला गलबतासारखाच वागवायचा. हौद्याला माशाचं तेल चोपडायचा, म्हणून ती यायच्या आधी तिचा वास यायचा. रोज सकाळी अंगणात वाकून खाली बघायचा, वाळूवर तेलाचा थेंब पडलाय का. पडला की त्याचा जीव खाली-वर. दादाला म्हणायचा, "गळणारी होडी नि गळणारी गाडी, दोन्ही बुडवतात. माझ्या हयातीत माझं एकही लाकूड गळलेलं नाही."

दादा हसायचा. "नाखवा, मोटार थोडी गळायचीच. गळली नाही तर समजायचं आत तेलच नाही."

"तुझ्या भावाच्या शेडमध्ये गळत असेल. माझ्या दारात नाही."

हे बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. तेव्हा मी पण हसलो होतो.

त्या वर्षी पौषात दादा नारळ नि मासळी भरून निघाला. हातखंब्याच्या पुढे एक चढ आहे, फार मोठा नाही, पण तांबड्या मातीचा, मधेच वळलेला. दादाच्या मागून आमच्याच वाडीतली एक बैलगाडी येत होती. गाडीवान नात्यानं आमचा काका. दादानं वळणाच्या आधी गेर उतरवून दुसरा घातला. लॉरी निम्मा चढ चढली आणि इंजिन एकदम मोकळं ओरडायला लागलं. आवाज मोठा, चाकं जागेवर. मग चाकं उलटी फिरली. त्या जुन्या लॉऱ्यांचे ब्रेक पुढे जाताना धरायचे, मागे येताना भरलेल्या गाडीला ऐकायचे नाहीत. क्लीनरनं उडी मारून चाकाखाली धोंडा टाकला, तो चाकानं बाजूला लोटला. दादानं मागची बाजू डोंगराच्या कडेला घातली म्हणून ती थांबली, नाहीतर काका पण राहिला नसता. पण थांबायच्या आधी बैलगाडीच्या जुवाला तिचा हौदा लागला. उजवीकडच्या बैलाचे पुढचे पाय मोडले.

बैल तिथेच रस्त्याच्या कडेला पडून होता. काका त्याच्या डोक्याशी बसला, आणि दादा त्याच्या पोटाशी. नारळाच्या करवंटीनं त्याला पाणी पाजत होते. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत बैल मेला.

शेतकऱ्याच्या घरात बैलाचं मरण हाताला लागणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. आमच्या गावची गावकी बसली. देवळाच्या पुढ्यात सगळे मानकरी जमले आणि गावकरानं, म्हणजे गावकीत ज्याचा शब्द शेवटचा त्यानं, सांगितलं, "चूक माणसाची की यंत्राची, ह्याचा निवाडा होईपर्यंत दादानं पालखीला हात लावायचा नाही. शिमग्याच्या आधी निवाडा झाला तर ठीक. नाय झाला तर ह्या साली पुढचा दांडा दुसरा कोण तरी धरील."

दुसरा कोण तरी! आमचा बापूस वारल्यावर तो दांडा दादाच्या खांद्यावर आला होता. मान एकदा दुसऱ्याकडे गेला की परत मागायला तोंड लागतं, आणि तसं तोंड आमच्या घरात कोणाला नव्हतं. मी गावकराला विचारलं, "निवाडा करायचा कसा?"

"गाडी ज्याची, त्याच्या तोंडून ऐकू. नाखव्यानं येऊन सांगू दे, गाडी बिघडलेली होती म्हणून."

मी नाखव्याकडे गेलो. तो गलबताच्या सावलीत बसला होता. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खोटं कसं सांगू? गाडी बरी होती. तुझ्या भावाचा पाय चुकला असेल. माणूस आहे, चुकतो. मी त्याला काही बोललो का?"

"बोलला नाहीत, पण तुमच्या न बोलण्यानं त्याचा मान जातोय."

"मग काय, माझ्या गाडीला नाव ठेवू?"

शहरातले ड्रायव्हर तर ह्याच्याही पुढचे. हातखंब्याच्या दुकानापाशी दादानं गाडी काढली तेव्हा गेर कराकरा वाजलेला चार लोकांनी ऐकला होता. झालं. "तुझ्या भावानं गेराचे दात खाल्ले रे," एक जण माझ्या शेडमध्ये येऊन मला सांगतो. "दात खाल्ले नि मग गेर चढावर सुटला. बैलगाडी हाकायची सोडून लॉरीवर कशाला बसवायचं असल्याला?" मी त्याला पाना दाखवून बाहेर काढला. दादा तेव्हा घरी बसून होता, कामाला जात नव्हता, जेवताना खाली बघायचा. मी त्याला एकच गोष्ट विचारली.

"गेराची दांडी उडाली होती काय? हातातनं मागं आली होती?"

"नाय. दांडी हातातच होती. हलली पण नाय."

"इंजिन?"

"ओरडत होता. वर जायला काय बघत नव्हता."

गेर सुटतो तेव्हा दांडी झटका देऊन मधल्या घरात येते, हाताला कळतं. दांडी जागेवर, इंजिन मोकळं, म्हणजे जोर गेरापर्यंत पोचतच नव्हता. तो मधेच घसरत होता, क्लचमध्ये. मला तेव्हाच कळलं होतं. पण मला कळून काय उपयोग? मी त्याचा सख्खा भाऊ.

मी नाखव्याच्या अंगणात हत्यारं घेऊन गेलो. तो म्हणाला, "काय मिस्त्री, माझ्या गाडीचं पोट फाडायला आलास?"

"होय. दात मोडलेले निघाले तर माझा भाऊ दोषी. मी स्वतः गावात सांगेन."

"आणि नाही निघाले तर?"

"तर तुम्ही सांगायचं."

त्यानं अडवलं नाही. मी गेरपेटीचं वरचं झाकण काढलं. दात झिजलेले होते, जुन्या गाडीचे झिजायचेच, पण एकही मोडलेला नव्हता. दुसऱ्या गेराचे तर बऱ्यापैकी धारदार होते. आत बोट घालून बघितलं तर तेल खाली गेलेलं. खालच्या चाकाचे नुसते दात बुडतील एवढंच.

"तेल कधी भरलंत?"

"दिवाळीला भरलं. पुरं."

"मग गेलं कुठे?"

नाखव्यानं अंगणातल्या वाळूकडे हात केला. स्वच्छ, पांढरी वाळू. "बघ. एक थेंब दाखव."

मी खरंच शोधला. नव्हता. जुनी लॉरी, पेटीतलं तेल निम्मं संपलेलं, आणि खाली वाळू कोरडी. ते माझ्या डोक्यात बसेना.

मग नाखवा म्हणाला, "तुला क्लचचा संशय ना? ये, तुझ्यासमोर बघू." हातब्रेक ओढला, गाडी चालू केली, वरच्या गेरात टाकली आणि क्लच सोडला. इंजिन आचका देऊन बंद पडलं. क्लच घसरत असता तर इंजिन चालूच राहिलं असतं. नाखवा खाली उतरला. "धरतोय की नाही? आता काय म्हणणं?" शेजारपाजारचे दोघे-तिघे गंमत बघायला आले होते, ते हसले. "मिस्त्री, भावाला जपतोस ते ठीक, पण मोटारीला खोटी पाडू नको."

मला राग आला. राग आला की मी काम सोडत नाही, हा माझा स्वभाव. मी म्हटलं, "थंड आहे म्हणून धरतोय. दगड भरा."

"काय भरा?"

"दगड. हौद्यात. नारळ नाहीत तर चिरे भरा."

त्याच लोकांनी हसत हसत चिरे भरले. खाडीपासून वर सड्यावर, कातळाच्या माळावर, जायला एक चढाचा रस्ता होता, त्यावर मी ती गाडी वर-खाली करत राहिलो. पहिल्या फेऱ्यांना ठीक. नाखवा माझ्या शेजारी बसून समुद्राकडे बघत होता. पुढे इंजिन तापलं, क्लच तापला, आणि त्याच चढाच्या मध्यावर इंजिन मोकळं ओरडलं. मी तयार होतो, माणसं धोंडे घेऊन मागे चालत होती, त्यांनी चाकं अडवली. नाखव्यानं सीटची कड घट्ट धरली होती. मी गाडी रिकामी करून तशीच गरम अंगणात आणली, हातब्रेक ओढून परत तीच परीक्षा केली. क्लच सोडला. इंजिन बंद पडलं नाही. आरामात चालू राहिलं.

हसणारे घरी गेले.

आता पेटी उतरवायची होती. नाखव्यानं गलबताची कप्पी नि दोर आणून फणसाच्या फांदीला बांधला. लाकडाची बैठक नि फळ्या काढून वरून दोर सोडला, पेटीला गाठ त्यानं स्वतः मारली. असली गाठ मी दुसऱ्या कोणाच्या हातची बघितलेली नाही. तो दोर धरून उभा, मी खाली पाठीवर.

गेरपेटी नि इंजिन ह्यांच्या मधे क्लचचा डबा असतो. क्लचची थाळी त्या डब्यात फिरते आणि ती कोरडी राहिली पाहिजे, नाहीतर धरत नाही. पेटीतून पाझरून थोडं तेल त्या डब्यात येतंच, जुन्या गाडीत तर येणारच. म्हणून डब्याच्या तळाला एक लहान भोक ठेवलेलं असतं आणि त्यात एक वाकडी खिट्टी लोंबती. गाडी हलते तशी खिट्टी हलते, भोक मोकळं राहतं, तेल थेंब थेंब रस्त्यावर पडतं. पडू द्यायचं असतं.

मी हात लावून बघितलं तर तिथे खिट्टी नव्हती. भोक पण नव्हतं. तिथे एक घट्ट, गुळगुळीत गाठ होती. मी नखानं खरवडलं. राळ. राळेच्या आत पीळ घातलेला कापूस, तेलात भिजवून ठोकलेला. गलबताच्या दोन फळ्यांमधली फट बुजवतात तशी, तंतोतंत.

मी खिळा घालून तो बोळा ओढला. डब्यात साठलेलं सगळं तेल माझ्या तोंडावर आलं. नाकात, कानात, डोळ्यात. मी ओरडलो असेन, कारण वरून नाखवा ओरडला, "काय झालं? पेटी सुटली?"

"पेटी नाही. तुमचं तेल सापडलं."

मी बाहेर आलो तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून तो हसणार होता. मग माझ्या हातातला बोळा त्याला दिसला. हसू गेलं. दोर त्यानं सोडला नाही, पण दोराकडे बघत राहिला.

"ते भोक ठेवलेलं असतं?" त्यानं विचारलं.

"असतं."

"तळाला भोक कोण ठेवतो रे?"

मी पेटी खाली घेतली आणि थाळी काढून त्याच्या हातात दिली. काळी, तेलकट, चिकट. थंड असताना चिकटून बसायची, म्हणून क्लच दाबला तरी पुरती सुटायची नाही आणि गेर टाकताना दात कराकरा वाजायचे. हातखंब्याला लोकांनी ऐकलं ते हेच. आणि तापली की तेच तेल पातळ होऊन थाळी घसरायची. दोन्ही लक्षणं एका भोकाची. मी त्याला हे सगळं सांगितलं, आवाज न चढवता सांगितलं.

"म्हणजे पोराचा पाय चुकला नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता. आता गावात येऊन सांगा."

तो गलबताकडे बघत होता. म्हणाला, "ह्या खाडीत माझ्याइतकी फट बुजवणारा हात नाही म्हणतात. मी तुझ्या गावात येऊन सांगू, की माझ्या हातानं बैल मेला?"

"माझ्या भावानं न करता ते ऐकलंय."

"तो बोळा दे इकडे."

"देणार नाही."

मी थाळी पेट्रोलनं धुतली, पॉलिशपेपरनं घासून खरखरीत केली. पेटीच्या तोंडाशी तेल अडवायची चकती झिजून पातळ झाली होती, तिच्या जागी घोंगडीचा जाड तुकडा तेलात उकळून कापून बसवला. भोक तारेनं साफ केलं, नवी खिट्टी लावली. दगड भरून परत तोच चढ चढवला, तापली तरी घसरली नाही. गाडी त्याच्या स्वाधीन केली आणि बोळा केळीच्या पानात बांधून खिशात घालून घरी आलो. नाखवा येईन पण म्हणाला नाही, येणार नाही पण म्हणाला नाही.

शिमग्याच्या आधी गावकी बसली. मी पान सोडून बोळा पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. गावकरानं बोळा उचलला, वास घेतला, तोंड वाकडं केलं. "ह्याच्यात काय कळायचा? मासळीचा वास येता. तू पण घातला असशील."

"मी घातला? माझ्याकडे राळ कुठली?"

"बंदरावर काम करतोस. राळेला काय तोटा?"

लोक हसले. दादा मागे खांबाला टेकून बसला होता, त्यानं मला हातानं खाली बस म्हणून खुणावलं. मी बसलो नाही.

तेवढ्यात देवळाच्या दगडी गडग्यापलीकडून आवाज आला, "माझ्या हातचा आहे तो." नाखवा आला होता. वहाणा बाहेर काढून, गडग्याच्या पलीकडेच उभा. गावकरानं त्याला आत बोलावलं, तो आला नाही. तिथूनच म्हणाला, "कापूस उलगडून बघा. पीळ डावा आहे. मी डावखुरा. ह्या मिस्त्रीचा हात उजवा. तेल गळू नये म्हणून मीच ठोकला. गाडी माझ्यामुळे घसरली."

गावकरानं कापूस उलगडला. सगळ्यांनी डोकी पुढे काढून बघितलं. पीळ डावाच होता. कोणी हसलं नाही. गावकरानं बैलवाल्या काकाला विचारलं, "तुझा काय म्हणणा?"

काका म्हणाला, "माझा काय म्हणणा नाय. बैल गेला."

निवाडा झाला. दोष यंत्राचा. नाखवा कोणाचा निरोप न घेता चालता झाला. त्यानंतर ती लॉरी त्याच्याकडे असेपर्यंत तो सकाळी वाळूवर थेंब पडलाय का ते बघायचाच, पण आता पडला नसेल तर माझ्याकडे माणूस पाठवायचा. मात्र माझ्याशी पूर्वीसारखं थट्टेनं कधी बोलला नाही.

शिमग्याला पालखी निघाली. पुढच्या दांड्याला आमचा दादा. ढोल वाजत होते, मी बाजूनं चालत होतो, माझी छाती फुगलेली. खोटं कशाला लिहू, मला वाटत होतं, हे सगळं माझ्या हातानं घडलेलं आहे.

पालखी घरोघर जाते. घरच्या बायका ओवाळतात, नारळ देतात, अंगणात पालखी नाचते. काकाचं घर आलं. गोठ्यात एकच बैल होता, ढोलाच्या आवाजानं दावं ओढत होता. अंगणाच्या तोंडाशी दादा थांबला. मागच्यांना कळेना. त्यानं मला जवळ बोलावलं.

"तू धर."

"आता कशाला? निवाडा झाला ना?"

"झाला. तू धर. मी घरामागच्या परड्यातनं येतो."

भर रस्त्यात, पालखी खांद्यावर, भांडायचं कसं? मी दांड्याखाली खांदा घातला. काकाच्या अंगणात पालखी मी नाचवली. काकूनं ओवाळलं, काकानं नारळ दिला, दोघंही माझ्याकडे बघत होते आणि मी कुठे बघावं मला कळेना. पुढच्या घरापाशी दादा परड्याच्या कडेनं येऊन उभा होता. त्यानं दांडा परत घेतला.

पुढे काकाच्या गोठ्यात दुसरा बैल आला. काका गेला, काकू गेली, त्यांची मुलं कर्ती झाली. दादानं लॉरी पुन्हा चालवली, दुसऱ्याची, पुष्कळ वर्षं. पण जिवंत असेपर्यंत दर शिमग्याला त्या अंगणाच्या तोंडाशी तो मला म्हणायचा, तू धर. दर साली मी त्याला विचारलं, का म्हणून. दर साली तो परड्यातून गेला. मी गाडीचा दोष साऱ्या गावासमोर काढून दाखवला होता. नाखव्याला स्वतःच्या तोंडानं बोलायला लावलं होतं. ह्याहून जास्त मी काय करायला हवं होतं, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही.